कपाळावरची राख आणि विरार लोकल : आपली श्रद्धा चर्चच्या दाराबाहेर कुठवर येते?

बावखल :

राखेच्या बुधवारी पहाटेची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपली की मी थेट विरार स्टेशन गाठतो. कपाळावर राखेचा क्रूस तसाच असतो. पुसायचा नाही, आपसूक जाईल तेव्हा जाऊ दे, असं आजीनं लहानपणी सांगितलेलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या आम्ही घरी क्रुसाजवळ खोचून ठेवतो. वर्षभरानं त्या चर्चमध्ये परत येतात, जाळल्या जातात आणि त्यांचीच राख होते. फादर ती बोटानं कपाळावर ओढतात आणि म्हणतात, तू माती आहेस आणि मातीला मिळशील. तिथून ईस्टरपर्यंत चाळीस दिवसांचा उपवासकाळ. या दिवसांत आमच्याकडे लग्नं होत नाहीत, मांडव पडत नाहीत.

तीस वर्षं मी हा क्रूस कपाळावर घेऊन लोकल पकडतो आहे. आमच्या डब्यात भजनी मंडळ आहे. त्यातले मृदंगवाले काका वारकरी, त्यांच्या कपाळावर रोज बुक्का. पहिल्या वर्षी त्यांनी विचारलं, "कुठला अंगारा रे?" मी सांगितलं, अंगारा नाही काका, उपवासाची सुरुवात आहे, मरणाची आठवण आहे. ते काही बोलले नाहीत. बोरिवली आल्यावर म्हणाले, "चांगलं आहे. आमचे तुकोबाही दुसरं काय सांगतात?" पुढे मला कळलं की आमच्या वसई धर्मप्रांताचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी डॉक्टरेटसाठी विषय निवडला तो तुकोबांच्या ईश्वरानुभवाचा. काकांना ते सांगितलं तेव्हा त्यांनी सगळ्या डब्याला ऐकवलं.

पण हा धागा काढायचं कारण वेगळं आहे.

मी एका सरकारी कार्यालयात आहे. कोणतं ते लिहीत नाही. यंदा राखेच्या बुधवारी एक गृहस्थ काम घेऊन आले. कागद पुढे सरकवला, त्याखाली पाकीट होतं. मग त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि पाकीट परत खिशात घातलं. "आज तुमचा काहीतरी धार्मिक दिवस दिसतोय, साहेब. उद्या येतो."

उद्या येतो!

मी पैसे घेत नाही, कधी घेतले नाहीत. पण शेजारच्या टेबलावर घेतात ते तीस वर्षं पाहत आलो आहे, आणि तोंडातून शब्द काढलेला नाही. त्या माणसाच्या लेखी माझी श्रद्धा एका दिवसाची होती आणि तसं त्याला वाटावं असंच माझं वागणं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. कपाळावरचा क्रूस त्याला दिसला. उरलेल्या ३६४ दिवसांत त्याला माझ्यात काय दिसतं?

लहान होतो तेव्हा हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. कारण तेव्हा आमच्या वसईत श्रद्धा रस्त्यावर दिसत होती, आणि ती मिरवणुकीपुरती नव्हती. १९८८ च्या सुमाराला वसईचा हिरवा पट्टा बांधकामाला मोकळा होणार अशी वेळ आली. गावातल्या विहिरींचं पाणी टँकरनं इमारतींकडे जायला लागलं आणि विहिरी खारट होत चालल्या. माझं इथलं नाव बावखल आहे. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसात भरायचं आणि उन्हाळाभर त्यावर केळी, पानवेली, भाजी, मोगरा जगायचा. बावखलं बुजवली की वाडी मेली. त्या वेळी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्याबरोबर असंख्य हिंदू, ख्रिस्ती, समाजवादी, शेतकरी उभे राहिले. 'हरित वसई'च्या मोर्चांत माझी आई लाल लुगडं नेसून गेली होती. तिला पर्यावरण हा शब्द माहीत नव्हता. ती म्हणायची, देवानं दिलेलं पाणी विकायला आपण कोण?

पोप फ्रान्सिस यांनी पृथ्वीच्या जपणुकीवर 'लाउदातो सी' हे परिपत्रक काढलं ते २०१५ साली. आईचा मोर्चा त्याच्या पंचवीसेक वर्षं आधीचा.

तेव्हा माझा प्रश्न असा. कॅथलिक असो वा नसो, तुमची श्रद्धा देवळाबाहेर, चर्चबाहेर, कामाच्या टेबलावर, सोसायटीच्या बैठकीत, मतदानाच्या रांगेत कुठे दिसते? आणि ती दिसावी का? की घरात ठेवावी हेच बरं?

---

गोदाघाट :

बावखलदादा, फार मनापासून लिहिलं आहे.

मी नाशिकची. आमच्याकडे कुणाचा आवाज मोठा असला की त्याला 'नारोशंकराची घंटा' म्हणतात. लहानपणापासून गोदेकाठच्या त्या देवळातली घंटा पाहिली आहे. ती वसईच्या चर्चची आहे हे कळलं तेव्हा मी कॉलेजात होते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि विजयाची खूण म्हणून तिथल्या चर्चच्या घंटा महाराष्ट्रभर गेल्या. भीमाशंकरला आहे, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आहे. मेणवलीच्या घंटेवर तर बाळ येशूला घेतलेली मरिया कोरलेली आहे आणि तिच्याखालून रोज लोक महादेवाला जातात.

मला नेहमी वाटायचं, वसईच्या लोकांना या घंटांबद्दल काय वाटत असेल? राग येतो का?

---

बावखल :

ताई, खरं सांगतो, राग नाही येत. मेणवलीला गेलो होतो तेव्हा घंटेखाली उभं राहून 'नमो मरिया' म्हटलं. शेजारी एक बाई ओटी भरायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, काय म्हणताय? म्हटलं, या आईची प्रार्थना. त्यांनीही हात जोडले.

आणखी एक गोष्ट, जी आमच्याही लोकांना फारशी ठाऊक नसते. ज्या पेशव्यांनी वसई घेतली, त्यांच्याच घराण्यातल्या सवाई माधवरावांनी आपल्या फौजेतल्या कॅथलिक सैनिकांसाठी पुण्यात चर्चला जागा दिली. क्वार्टर गेटचं सिटी चर्च ते. साल १७९२. इतिहास असा दोन्ही बाजूंनी वाचला की मन शांत होतं.

---

स्पष्टवक्ता :

लेख चांगला आहे, पण एक बाजू सुटली आहे. पोर्तुगीजांनी देवळं पाडली, माणसं बाटवली. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० ते १८१२ पर्यंत होतं, मधली काही वर्षं सोडली तर. चिमाजी अप्पांची मोहीम काही हौसेखातर नव्हती. आज त्याबद्दल तुमचं चर्च काय म्हणतं? मी भांडायला आलेलो नाही, खरंच विचारतो आहे.

---

बावखल :

विचारायलाच हवं. जे झालं ते झालं, मी ते नाकारणार नाही. माझे पूर्वज कोणत्या कारणानं ख्रिस्ती झाले, भीतीनं, लोभानं की श्रद्धेनं, हे मला कळायला मार्ग नाही. कदाचित एकाच घरात तिन्ही कारणं असतील.

चर्चपुरतं बोलायचं तर पोप दुसरे जॉन पॉल यांनी १२ मार्च २००० रोजी रोममध्ये मिस्सेत जाहीरपणे क्षमायाचना केली. सत्याच्या नावाखाली चर्चच्या लोकांनी वापरलेल्या बळजबरीबद्दलही. त्याआधी १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेनं, लिहून ठेवलं की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते कॅथलिक चर्च नाकारत नाही. हिंदू धर्माचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. त्याच परिषदेनं आम्हाला आमची भाषाही दिली. माझी आजी लॅटिनमधली मिस्सा ऐकत मोठी झाली. अर्थ कळायचा नाही, माळ ओढत बसायची. मराठीत पहिली मिस्सा झाली तेव्हा ती रडली, असं वडील सांगायचे. देव आपल्या बोलीत बोलला म्हणून.

तुम्ही म्हणाल, क्षमा मागून काय होतं? बरोबर आहे. पण क्षमा मागितली नसती तर मला तुमच्यासमोर मान वर करून बोलता आलं नसतं.

---

स्पष्टवक्ता :

उत्तर पटलं. पोपच्या क्षमायाचनेचं माहीत नव्हतं. धन्यवाद.

---

मांडवीतीर :

गोव्यातून. आमच्याकडे श्रद्धा सार्वजनिक आहे का हा प्रश्नच पडत नाही. वाटेवर जागोजाग क्रूस, फेस्ताच्या म्हणजे चर्चच्या सणाच्या दिवशी अख्खा वाडा एकत्र, आणि म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मरियेच्या, फेस्ताला हिंदू तेल घेऊन रांगेत असतात. ती लईराई देवीची बहीण मानतात. शिरगावच्या जत्रेशी त्या फेस्ताचं नातं आहे.

पण तुमचा पाकिटाचा किस्सा मला जास्त बोचला. क्रूस रस्त्यावर आहे म्हणून रस्त्यावरची माणसं सरळ चालतात असं नाही. आमच्या गावात जमीन विकणारे, डोंगर कापणारे यांच्या गाड्यांत माळा लटकलेल्या असतात. फेस्ताची सर्वांत मोठी देणगीही त्यांचीच. फादर घेतात. मी एकदा विचारलं, तर घरच्यांनीच गप्प केलं.

---

रात्रपाळी :

मी नर्स आहे, मुंबईत. धर्मानं हिंदू. शिकले सिस्टरांच्या हॉस्पिटलात.

माझ्यासाठी कॅथलिक श्रद्धा म्हणजे पहाटे तीन वाजता बेवारस पेशंटची चादर स्वतः बदलणाऱ्या आमच्या सिस्टर मेट्रन. त्या प्रवचन कधी करायच्या नाहीत. बदलून झालं की पेशंटच्या कपाळावर हात ठेवून दोन सेकंद उभ्या राहायच्या, बस. मी आजही तसंच करते. माझी प्रार्थना वेगळी असते.

दर बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाला, म्हणजे मरियेच्या नवसाच्या प्रार्थनेला, जाणाऱ्यांत माझ्या वॉर्डातल्या निम्म्या मावश्या असतात. १९४८ पासून ती नोव्हेना चालू आहे म्हणतात. त्यातल्या कितीतरी जणींनी बायबल उघडूनही पाहिलेलं नाही. नातवाला नोकरी लागू दे, मुलाची दारू सुटू दे, एवढंच मागतात. मेणाचं घर, मेणाचा हात, मेणाचं बाळ वाहतात. बांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेलाही तसंच.

बावखल, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर : श्रद्धा दिसावी, पण ती दुसऱ्याची चादर बदलताना दिसावी.

---

श्रीरामपूरकर :

वसईचं कौतुक वाचून बरं वाटलं, पण महाराष्ट्रातला कॅथलिक म्हणजे फक्त वसई आणि बांद्रा नव्हे. आमच्याकडे हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. नगर, संभाजीनगर, नाशिक, बीडकडून माणसं पायी येतात. दिंड्या, पताका, टाळ. अभंगाच्या चालीवर मरियेची गाणी. लांबून पाहणाऱ्याला आळंदीची वारी वाटेल. माझी आई सोळा वर्षं अनवाणी गेली.

आमच्यातले बहुतेक पूर्वी मांग, महार वस्तीतले. गावकुसाबाहेरची माणसं. चर्चनं आम्हाला शाळा दिली, दवाखाना दिला, नाव घेऊन हाक मारली. तुमच्या वसईत वाडी होती, विहीर होती. आमच्याकडे विहिरीला हात लावायची बंदी होती. म्हणून आमच्यासाठी श्रद्धा सार्वजनिक होणं म्हणजे पाणवठ्यावर उभं राहणं होतं.

आता सार्वजनिक जीवनाचं दुसरं अंग सांगतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदूंना मिळाल्या. १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. माझा चुलतभाऊ आणि मी एकाच वस्तीत वाढलो, एकाच शिव्या खाल्ल्या. त्याच्या दाखल्यावर एक लिहिलं आहे, माझ्या दाखल्यावर दुसरं. मी चर्चला जातो म्हणून माझी जात गेली असं सरकार म्हणतं. गावानं मात्र कधी तसं म्हटलं नाही. आमच्या भागात कितीतरी घरांत कागदावर हिंदू आणि रविवारी चर्चमध्ये अशी माणसं आहेत. त्यांना खोटारडी म्हणू नका. पोरांच्या शिक्षणासाठी आई काहीही करते.

अशा माणसानं कपाळावर राख घेऊन कचेरीत जायचं की नाही? बावखल, तुम्हाला तो क्रूस कपाळावर ठेवता येतो, कारण त्यानं तुमचं काही जात नाही.

---

बावखल :

श्रीरामपूरकर, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. तुम्ही शेवटी लिहिलंत ते खरं आहे. मला हे आजवर सुचलंही नव्हतं. वसईतल्या आमच्या मिस्सेत 'दलित ख्रिस्ती बांधवांसाठी प्रार्थना करू या' असं वर्षातून एकदा म्हणतात. आम्ही 'प्रभो, आमची प्रार्थना ऐक' म्हणतो आणि घरी जेवायला जातो.

---

मोगरा_४_वाजता :

बावखलकाका, मी गिरिजची. वय २७. तुम्ही जातीचा विषय तिथेच सोडू नका.

आपल्या वसईत सामवेदी कुपारी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन, आदिवासी असे सगळे कॅथलिक आहेत. रविवारी एकाच वेदीपुढे गुडघे टेकतो. मिस्सेत शांतीचं अभिवादन करताना शेजाऱ्याला हात जोडतो. आणि सोयरीक करताना? तेव्हा 'आपल्यातला' आहे का ते विचारतो. ख्रिस्ती असून भागत नाही.

माझं लग्न दोन वर्षं अडून आहे. मुलगा कॅथलिक आहे, कोळी समाजातला. चर्चला त्याची हरकत नाही, फादरांनी घरी येऊन समजावलं. माझ्या आजोबांनी फादरांना पाणी दिलं, बसवून घेतलं आणि सांगितलं, "फादर, हा घरचा विषय आहे." पहाटे चार वाजता आई दादरला फुलं घेऊन निघते, तेव्हा आधी क्रुसापुढे दिवा लावते. तिची श्रद्धा खोटी आहे असं मी म्हणूच शकत नाही. पण श्रद्धा घराच्या उंबऱ्यावर अडते. चर्चच्या दाराबाहेर ती कुठवर येते हे तुम्ही विचारलंत. माझ्या अनुभवात ती बाहेर लांबवर जाते, आत स्वयंपाकघरात येत नाही.

---

बावखल :

पोरी, तुला उत्तर देणं मला अवघड आहे, कारण तुझ्या आजोबांच्या जागी एकदा मी होतो. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी. तेव्हा मी 'लोक काय म्हणतील' हे वाक्य जितक्या वेळा बोललो, तितक्या वेळा 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हटलं नसेल. तिनं लग्न केलं, सुखी आहे. मी पहिली तीन वर्षं तिच्या घरी गेलो नाही. तिच्या मुलाच्या बाप्तिस्म्यालाही नाही. पापनिवेदनाला बसलो तेव्हा फादरांना सांगितलं. ते म्हणाले, देवाची क्षमा मिळाली, आता तिच्याकडे जाऊन मागा. गेलो. तिनं चहा ठेवला आणि काही बोलली नाही.

तुझ्या आजोबांशी मी बोलू का? आमच्या पिढीचा माणूस बोलला तर कधी कधी ऐकतात. नको असेल तर राहू दे. व्यक्तिगत निरोप पाठव.

---

मोगरा_४_वाजता :

पाठवला.

---

विहीर_ते_विधानसभा :

या धाग्यावर एक नागरिक म्हणून लिहितो, नास्तिक आहे. फादर दिब्रिटोंबद्दल मला अतिशय आदर होता. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला ९३ व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा काहींनी केवळ धर्मगुरू म्हणून विरोध केला. कंबरेच्या दुखण्यानं त्यांना उभं राहणं कठीण होतं, तरी ते आले आणि बोलले. १९८३ पासून २००७ पर्यंत त्यांनी चालवलेल्या 'सुवार्ता' मासिकाचे अंक माझ्याकडे आहेत. २५ जुलै २०२४ ला ते गेले तेव्हा मी नास्तिक असूनही हळहळलो.

तरीही माझा प्रश्न राहतो. धर्मगुरूनं आंदोलनाचं नेतृत्व करावं का? आज पाण्यासाठी केलं, ठीक. उद्या दुसऱ्या धर्माचे गुरू भलत्याच कारणासाठी मोर्चा काढतील आणि तुमचंच उदाहरण देतील. तेव्हा त्यांना कोणत्या तोंडानं अडवायचं?

---

बावखल :

प्रश्न रास्त आहे. चर्चच्या कायद्यात याची रेघ ओढलेली आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतलं कलम २८५ सांगतं की धर्मगुरूनं शासनसत्तेचं पद घेऊ नये. कलम २८७ सांगतं की राजकीय पक्षात सक्रिय भाग घेऊ नये. म्हणून वसईतल्या फादरांनी निवडणूक लढवली नाही. सत्ता आमच्यासारख्या सामान्य प्रापंचिकांनी सांभाळायची, निवडून यायचं, हरायचं, कारभार करायचा. फादरांनी मला 'अमक्याला मत दे' असं सांगितलं तर मी ते ऐकणार नाही, आणि त्यांनी तसं सांगूही नये.

पण पाण्याचा प्रश्न पक्षाचा नव्हता. त्या मोर्चात निम्मी माणसं तरी ख्रिस्ती नव्हती, आणि मागणी ख्रिस्त्यांसाठी काही द्या अशी नव्हती. माझ्या मते कसोटी हीच. धर्मगुरू रस्त्यावर उतरून जे मागतो ते शेजारच्या परधर्मीयालाही मिळतं का? विहिरीचं गोडं पाणी जात विचारत नाही. दुसऱ्या कोणत्याही धर्माच्या गुरूला मी हेच विचारीन.

या बाबतीत मला आमचा वसईचा संत आठवतो. गोन्सालो गार्सिया. १५५६ च्या सुमाराला वसईत जन्मलेला. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत म्हणून त्याचं नाव घेतात, १८६२ साली तो संत घोषित झाला. पण तो फादर नव्हता. जपानमध्ये व्यापार करायचा, जपानी उत्तम बोलायचा, नंतर फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि मिशनऱ्यांचा दुभाष्या म्हणून काम केलं. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत त्याला क्रुसावर मारलं. गासच्या चर्चमध्ये त्याच्या सणाला गर्दी होते. आम्ही त्याला हार घालतो, पण तो बाजारातला माणूस होता, दुभाषा होता, हे विसरतो. लोकांचं म्हणणं लोकांना समजावून सांगणं हेच त्याचं काम होतं.

---

विहीर_ते_विधानसभा :

'शेजारच्याला मिळतं का' ही कसोटी मला मान्य आहे. माझ्या डायरीत लिहून ठेवतो.

---

क्वार्टरगेट :

थोडी भर. मी पुण्याचा, प्रोटेस्टंट. मराठी वाचकाला ख्रिस्ती म्हटलं की रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई आठवतात. ते आमच्या परंपरेतले, कॅथलिक नव्हेत. आमच्याकडे राखेचा बुधवार सगळीकडे पाळत नाहीत, मरियेपुढे मेणबत्ती लावत नाहीत. पण धाग्यातला मूळ प्रश्न आम्हालाही तितकाच लागू आहे.

बावखल, ते पाकीटवाले गृहस्थ दुसऱ्या दिवशी आले का?

---

बावखल :

आले. गुरुवारी सकाळी अकराला.

मी त्यांना सांगितलं, तुमचं काम नियमात बसतं, पाकिटाशिवाय होईल, सोमवारी कागद न्या. ते हसले. त्यांना वाटलं मी रक्कम वाढवतोय. मग शेजारच्या टेबलाकडे बघून मी मोठ्यानं म्हटलं, "या कार्यालयात या कामाला फी किती आहे ते बाहेर फलकावर लिहिलं आहे." तीस वर्षांत पहिल्यांदा. शेजारच्या सहकाऱ्यानं मान खाली घातली. त्यानंतर आजपर्यंत तो माझ्याशी जेवायला बसत नाही. बदलीच्या यादीत माझं नाव आहे असं ऐकतो.

काकांना गाडीत सांगितलं. ते काही म्हणाले नाहीत. डब्यातल्या पोरांना सरकायला लावून त्यांनी मला आपल्या शेजारी बसवून घेतलं.

---

गोदाघाट :

दादा, वाचून डोळे भरले. एक विचारते. आम्हाला तुमचा ईस्टरआधीचा पवित्र आठवडा पाहायला यायचं आहे. मी आणि माझी मुलगी, ती सातवीत आहे. आलो तर चालेल का? काय घालायचं, कुठे बसायचं, काही चुकलं तर?

---

बावखल :

अवश्य या. काही चुकत नाही. साडी किंवा सलवार, काहीही चालेल. शुक्रवारी तुम्हाला क्रुसाची वाट दिसेल, चौदा ठिकाणी थांबत, गाणी म्हणत लोक चालतात. त्या दिवशी वेदी उघडी असते, फुलं नसतात. ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, मात्र बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांनाच देतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आमच्याकडे बरेच फादर हात छातीवर जोडून पुढे आलेल्याला आशीर्वाद देतात, मुलीला तसं यायचं असेल तर आधी विचारून ठेवतो.

एक गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगतो, कारण तुम्ही नारोशंकराच्या घंटेजवळ वाढलात. गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सेत 'स्वर्गात देवाला गौरव' म्हणताना घंटा वाजते आणि मग बंद होते. शुक्रवार पूर्ण आणि शनिवार रात्रीपर्यंत चर्चची घंटा मुकी. बोलवायचं झालं तर लाकडी खटखट्या वाजवतात. शनिवारी रात्री अंधारात नवा अग्नी पेटवतात, त्यावरून मोठी मेणबत्ती, तिच्यावरून सगळ्यांच्या मेणबत्त्या. आणि पुन्हा तेच गौरवगान सुरू झालं की सगळ्या घंटा एकदम वाजतात. शेजारच्या गावातली घंटाही वाऱ्यावर ऐकू येते.

---

गोदाघाट :

मग आम्ही शनिवारीच येतो. घंटा ऐकायला. मुलीला आत्ताच सांगितलं, ती विचारते आहे, आपली नाशिकची घंटा त्यांच्या घंटेसारखीच वाजते का?

---

बावखल :

तिलाच ठरवू द्या. विरारला उतरलात की फोन करा, मी न्यायला येतो. नऊपर्यंत पोचा, पुढे जागा मिळत नाही. मेणबत्त्या आणू नका, तुमच्या दोघींच्या मी आणतो. आणि मोगरा_४_वाजता पण येणार आहे, आजोबांना घेऊन.